विषावर उतारा

आपल्या कोल्हापूरकडे रानात फवारतात ते विष. पण म्हणताना म्हणतो, ‘औषध मारलं!’ २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर असंच ‘औषध’ मारताना शेकडो जणांना विषबाधा झाली, वीसहून जास्त माणसं दगावली.

त्यातलं मोनोक्रोटोफॉस हे युद्धातल्या सरीन विषाचं भावंडच, बरं का! मज्जातंतूचा निरोप पोचला, की तो पुसून टाकणारं एक एन्झाइम आपल्या शरीरात असतं. ही विषं त्यालाच जखडतात. मग निरोप थांबतच नाहीत. लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, श्वास कोंडतो.

मुख्य उतारे दोन. अ‍ॅट्रोपीन जादा निरोप अडवतं. ते धोतऱ्यातही असतं, म्हणजे तेही विषच! प्रालिडॉक्झाइम एन्झाइमची सुटका करतं.

नवा उतारा जुन्यापेक्षा सरस का, हे माणसाला विष देऊन कसं बघणार? म्हणून प्राण्यांवर प्रयोग होतात. विष सारखं, वेळ सारखी, उतारा तेवढा वेगळा. पण इथंच मेख आहे. सरीनसारखं विष टिपून घेणारं आणखी एक एन्झाइम उंदराच्या रक्तात भरपूर असतं, माणसाच्या जवळजवळ नसतंच. उंदीर वाचला म्हणून माणूस वाचेलच असं नाही! गिनीपिगमध्ये ते कमी, म्हणून त्याचा निकाल आपल्याला जवळचा.

या ज्ञानापायी कितीतरी मुके जीव गेले. ते वाया जाऊ नये. फवारून आलेल्या बाबांना आधी साबणानं अंघोळ करायला सांगा. त्रास झालाच, तर औषधाचा डबा घेऊन दवाखाना गाठा. डॉक्टरांना विष कळलं, तरच नेमका उतारा ठरतो. सांगाल ना घरी?