रिव्हर्टची चेष्टा

"प्लीज रिव्हर्ट." मेलच्या शेवटी हे दोन शब्द दिसले की आपल्यातल्या काही जणांना कोण आनंद होतो! लगेच स्क्रीनशॉट, लगेच ग्रुपवर, आणि खाली ठरलेला विनोद: "रिव्हर्ट होऊन काय बनू? माकड?" हा विनोद इतक्यांदा ऐकलाय की आता हसणाऱ्यांचीच कीव येते. तर मंडळी, आज जरा या विनोदाचंच टेस्टिंग करू.

आधी हसणाऱ्यांची बाजू. शब्द मूळचा लॅटिन. 'रे' म्हणजे मागे, 'व्हर्टेरे' म्हणजे वळणे. इंग्रजीत सर्वसाधारण अर्थ मूळ स्थितीला किंवा मूळ मालकाकडे परत जाणे. ब्रिटननं १८९८ मध्ये चीनकडून हाँगकाँगला लागून असलेल्या न्यू टेरिटरीज ९९ वर्षांच्या पट्ट्यानं घेतल्या. मुदत संपली आणि १ जुलै १९९७ ला तेवढा भागच नव्हे, अख्खं हाँगकाँग चीनकडे 'रिव्हर्ट' झालं. हा झाला चोख वापर. यात 'उत्तर द्या' कुठेच बसत नाही. मान्य.

पण याच शब्दाचा आणखी एक जुना, अस्सल इंग्रजी अर्थ आहे: मध्येच सोडलेल्या विषयाकडे परत येणे. आता बघा. "या विषयाकडे मी परत येईन" पासून "या विषयावर तुमच्याकडे परत येईन" ही उडी किती लांब आहे? एक पाऊल! ते पाऊल भारतातल्या ऑफिसांनी टाकलं. सिंगापूर-मलेशियातही "प्लीज रिव्हर्ट" सर्रास चालतं. म्हणजे ही कुणा एकाची चूक नाही, हा एका मोठ्या प्रदेशातला रुळलेला वापर आहे.

आता आपल्या घरात डोकावू. सबव्हर्जनमध्ये रिव्हर्ट मारलं की कमिट न केलेले बदल उडतात. गिटमध्ये रिव्हर्ट मारलं की जुनं कमिट जागेवरच राहतं, आणि त्याच्या नेमके उलटे बदल करणारं एक नवंच कमिट तयार होतं. म्हणजे इतिहास मागे जात नाही, एक पाऊल पुढे जातो! मर्क्युरियलमध्ये रिव्हर्ट फाइली जुन्या आवृत्तीवर नेतं. गिटसारखं उलटं कमिट हवं असेल तर तिथे बॅकआउट. तीन टूल्स, एकच शब्द, आणि कामं वेगवेगळी. सबव्हर्जनहून गिटवर आलेल्या कुणालाही विचारा, पहिल्या आठवड्यात या शब्दानं किती छळलं ते. यावर कुणी हसत नाही. "डॉक्युमेंटेशन वाच" म्हणतो आणि पुढे जातो. मग एचआरच्या मेललाच एवढं का हसायचं?

बरं, अर्थ सरकला म्हणून शब्द चुकला असं म्हणायचं असेल तर आधी मराठीला कोर्टात उभी करा. 'शिक्षा' म्हणजे हिंदीत शिक्षण, आपल्याकडे दंड. 'राजीनामा' म्हणजे हिंदीत तडजोड, आपल्याकडे नोकरी सोडल्याचा कागद. 'चेष्टा' म्हणजे संस्कृतात हालचाल, हिंदीत प्रयत्न, आणि आपल्याकडे... जी "प्लीज रिव्हर्ट" लिहिणाऱ्याची चालते ती. "मराठी माणसाला चेष्टेचा अर्थ कळत नाही" असं कुणी म्हटलं तर आपण ऐकून घेऊ का?

"पण ते रिव्हर्ट बॅक?" हो, 're' मध्ये 'मागे' आलेलंच आहे. ठीक. पिवळा पीतांबर नेसणाऱ्यांनी यावर फार बोलू नये.

आणि खरी गंमत पुढेच आहे. डॅलसहून मेल येतो: "लेट्स सर्कल बॅक ऑन धिस." दुसऱ्या दिवशी आपली अर्धी टीम "सर्कल बॅक" करायला लागते. अहो, गोल फिरून परत येणं आणि मागे वळून परत येणं, यात फरक तो काय? कल्पना तीच. पण एक डॅलसची म्हणून स्मार्ट, दुसरी लातूरच्या पोराची म्हणून विनोद. म्हणजे हा प्रश्न व्याकरणाचा नाहीच. कुणाच्या इंग्रजीला हसायची परवानगी आहे, याचा आहे.

आणि या हसण्याची किंमत कोण मोजतं? जिल्ह्याच्या गावातून, मराठी माध्यमातून आलेला पोरगा. त्याचं कोड रिव्ह्यू पहिल्या फटक्यात पास होतं, पण मेल पाठवायला तो अर्धा तास लावतो. कॉलवर गप्प बसतो. मग अप्रेजलमध्ये लिहिलं जातं, 'कम्युनिकेशन सुधारायला हवं.' ते आधी बिघडवलं कुणी?

मग काय वाट्टेल ते चालवून घ्यायचं? अजिबात नाही. वाचणारा कोण ते बघायचं. मँचेस्टरच्या क्लायंटला "प्लीज रिव्हर्ट" लिहू नका, तो "कशाकडे?" म्हणून गोंधळेल. आणि रिलीजच्या रात्री "बिल्डबद्दल प्लीज रिव्हर्ट" असा मेल तर चुकूनही नको. तुम्हाला हवं असतं उत्तर, पलीकडचा बिचारा कोड मागे घेऊन मोकळा होईल!

एरवीही माझी या शब्दाबद्दल तक्रार आहेच, पण ती वेगळी आहे. "प्लीज रिव्हर्ट" मध्ये काय हवंय आणि कधी हवंय, दोन्ही गायब असतं. आपल्या आजोबांच्या पत्रात "उलट टपाली उत्तर पाठवावे" असायचं. त्यात उत्तर मागितलेलं असायचं आणि ते केव्हा, हेही सांगितलेलं असायचं. तेवढं जमवा. "गुरुवारी चारपर्यंत हो की नाही कळवा." बस्स.

नव्या पोराला हे सांगायचं असेल तर त्याच्या डेस्कपाशी जाऊन सांगा. दोन मिनिटं लागतात. स्क्रीनशॉट काढायची गरज नसते.