गाडी चार किलोमीटर मागे राहते

दिवाळी आटोपून हवेत गारवा आला की माझ्या दवाखान्यात एक प्रश्न वारंवार येऊ लागतो. निमित्त रक्तदाबाच्या गोळीचे किंवा साखरेच्या अहवालाचे असते, पण उठता उठता खरा विषय निघतो : “डॉक्टर, आम्ही दोघे अजिंठा-वेरूळ पाहून येऊ का?” विचारणारे बहुधा सत्तरीच्या आसपासचे असतात. सहल कंपनीच्या मेळ्यात पन्नास जणांच्या चालीने चालणे आता जमत नाही, मुलांना रजा नाही; म्हणून चालकासह गाडी भाड्याने घ्यावी आणि आपल्या गतीने फिरावे, असा बेत असतो. हा बेत मला मनापासून आवडतो. उतारवयात चालण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व हवे तेव्हा थांबता येण्याला असते, आणि स्वतःची गाडी ते स्वातंत्र्य देते. मात्र हे स्वातंत्र्य आधी आखून ठेवावे लागते. या वेळी त्याच आखणीविषयी लिहितो.

पहिली गोष्ट वारांची. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. ही साधी बाब विसरून आलेली कुटुंबे दरवाजावरून परत फिरताना मी पाहिली आहेत. दुसरी गोष्ट अंतराची. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे तीस किलोमीटर, तर अजिंठा शंभर किलोमीटर, आणि दोन्ही वेगळ्या दिशांना. “साहेब, दोन्ही एका दिवसात करून देतो” असे एखादा चालक सांगेल. तरुणांचे ते कदाचित होईलही. आपण मात्र अजिंठ्याला एक पूर्ण दिवस आणि वेरूळला दुसरी सकाळ द्यावी. आणि पोचण्याच्या दिवशी विश्रांतीखेरीज काहीही ठेवू नये. मुंबईहून येणाऱ्यांनी रेल्वेने जळगाव गाठून तिथून गाडी करावी. लेणी तिथून साठेक किलोमीटरच आहेत. फर्दापूरला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे पर्यटक निवास आहे. तिथे मुक्काम केला तर सकाळचा तीन तासांचा प्रवास वाचतो आणि तेवढेच गुडघे ताजे राहतात.

आता या लेखाच्या शीर्षकाकडे येतो. अजिंठ्याला खासगी गाडी लेण्यांच्या पायथ्यापर्यंत जात नाही. फर्दापूरच्या फाट्यावर, सुमारे चार किलोमीटर अलीकडे, ती उभी करावी लागते आणि पुढे एस.टी. महामंडळाच्या बसने जावे लागते. चित्रांना धुराचा त्रास होऊ नये म्हणून केलेली ही व्यवस्था योग्यच आहे. पण तिचा वैद्यकीय अर्थ फारसा कोणी ध्यानात घेत नाही. गाडीत राहिलेली प्रत्येक वस्तू त्या क्षणापासून आपल्यापासून चार किलोमीटर, एक बस आणि एक चढण इतकी दूर जाते. जिभेखाली ठेवायची गोळी, दम्याचा पंप, काठी, साखरेची पुडी, दुसरा चष्मा. गाडीत ठेवले की ते घरी ठेवल्यासारखेच. म्हणून फाट्यावर उतरण्यापूर्वी एक छोटी, खांद्याला अडकवता येईल अशी पिशवी भरलेली असावी आणि ती ज्याची औषधे आहेत त्याच्याच खांद्यावर असावी. सोबतीच्या खांद्यावर नको, कारण सोबती तिकिटाच्या रांगेत किंवा पुढच्या लेण्यात असू शकतो. चालकाचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून त्याच पिशवीत ठेवावा. दरीत मोबाईलला नेहमीच संपर्क मिळेल असे धरून चालू नये. परतण्याची अदमासे वेळ चालकाला आधी सांगावी, आणि ती टळून तासभर झाला तर त्याने काय करायचे, हेही ठरवून ठेवावे.

पिशवीत इन्सुलिन असेल तर त्याची अधिक काळजी हवी. उन्हात उभ्या गाडीचा अंतर्भाग भट्टीसारखा तापतो. तिथे दोन-तीन तास राहिलेल्या इन्सुलिनचा भरवसा धरता येत नाही. मुक्कामाच्या ठिकाणच्या शीतकपाटात ते ठेवावे आणि दिवसापुरते लागणारे थंड पिशवीत घ्यावे. बर्फाला थेट टेकवू नये.

मधुमेहींसाठी प्रवासातला मोठा धोका साखर वाढण्यापेक्षा ती एकाएकी उतरण्याचा असतो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी सकाळी घेतली, न्याहारी म्हणजे चहा-बिस्किटे, मग चढण, आणि जेवण दोन वाजता : इतके पुरेसे होते. घाम, थरथर, चिडचिड, गोंधळल्यासारखे बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे; पण लेण्यांच्या पायऱ्यांवर ती दिसली की सगळे म्हणतात, ऊन लागले, दमले असतील. असे दिसताच बसवून आधी साखर द्यावी आणि मग कारणाचा शोध घ्यावा. गोळी पोटभर न्याहारीबरोबरच घ्यावी. मात्रेत बदल हवा असेल तर तो निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांनी करावा, आपण नव्हे. लघवी वाढवणाऱ्या गोळीचेही तसेच. वाटेत अडचण नको म्हणून ती परस्पर टाळणारे अनेक आहेत आणि तिसऱ्या दिवशी पायांवर सूज, छातीत धाप घेऊन ते परत येतात. बहुतेकांना ती गोळी मुक्कामी परतल्यावर दुपारी घेता येते. फक्त आधी विचारावे.

स्त्रिया, विशेषतः साठीनंतरच्या, प्रवासात पाणीच पीत नाहीत. स्वच्छतागृह मिळेल की नाही, ही भीती त्यामागे असते आणि ती अगदीच निराधार नाही. परंतु कोरड्या शरीरात रक्तदाबाच्या गोळ्यांचा परिणाम वाढतो, उभे राहताच भोवळ येते, मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो. याचा उपाय गाडीच्या आखणीत आहे. दर दीड तासाला थांबायचे, हे चालकाला निघण्यापूर्वीच सांगावे. वाटेतील बऱ्यापैकी स्वच्छ ठिकाणे त्यालाच ठाऊक असतात. हे थांबणे पायांसाठीही आवश्यक आहे, कारण सलग चार-पाच तास गुडघे दुमडून बसल्यास पोटरीतल्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. फाट्यावर आणि पायथ्याशी सोय आहे, तिचा उपयोग करूनच वर जावे. गाडी लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांविषयी मात्र सावध करतो : त्यांतल्या अनेक गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, बोलण्यात भ्रम येतो आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. पुढच्या आसनावर बसून समोर पाहणे हा त्याहून बरा उपचार.

गाडी ठरवताना लोक दर किलोमीटरचा भाव आणि चालकाचा मुक्काम भत्ता यांवर पुष्कळ बोलतात; ते बोलावेच. पण मी आणखी एक प्रश्न विचारायला सांगतो : “काल रात्री किती वाजता झोपलात?” रात्री मुंबईचे भाडे सोडून पहाटे आपल्या दारात उभा राहिलेला चालक हा आपल्या रक्तदाबाहून मोठा धोका आहे. माझ्याकडे येणाऱ्या चालकांत घोरणारे, दिवसा पेंगणारे, साखर कधीच न तपासलेले बरेच आढळतात. त्यांना वेळेवर जेवू द्यावे, रात्री अंथरुणाची नीट सोय आहे का ते पाहावे, आणि सूर्यास्तानंतर लांबचा प्रवास ठेवू नये. त्याच वेळी दिवसाचा कार्यक्रम आपला आहे, हेही सौम्यपणे पण स्पष्ट सांगावे. पैठणी आणि हिमरूच्या दुकानांत नेण्याचा आग्रह झाला, तर तो तासभर आपल्या ताकदीतून वजा होणार आहे.

गाडीचा प्रकारही महत्त्वाचा. उंच गाडीत चढताना दुखऱ्या गुडघ्यांचे हाल होतात, तर फार बुटक्या गाडीतून उठवत नाही. आसन साधारण आपल्या मांडीच्या उंचीचे असावे. आत शिरताना आधी पाठमोरे होऊन बसावे आणि मग दोन्ही पाय एकदम आत घ्यावेत.

लेण्यांत सर्वांत अधिक लोक पडतात कुठे? चढणीवर नाही; उंबरठ्यावर. बाहेर लख्ख ऊन आणि आत मंद दिवा. वय वाढले की डोळ्यांची बाहुली पुरेशी विस्फारत नाही आणि अंधाराला सरावायला कितीतरी अधिक वेळ लागतो. म्हणून ओसरीतच, सोबत्याचा कोपरा धरून, पाच मिनिटे थांबावे. उन्हात काळी होणारी काच असलेला चष्मा आत गेल्यावर लगेच पांढरा होत नाही. साधा चष्मा जवळ ठेवावा. खाली वाचण्याची काच असलेल्या चष्म्यातून पायरी धूसर दिसते, तेव्हा उतरताना मान पुरती वाकवून पाहावे. चित्रे असलेल्या लेण्यांत पादत्राणे काढावी लागतात. पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी मोजे घालावेत, पण तळाला रबरी ठिपके असलेले. साधे मोजे दगडावर घसरतात.

वर जावे की नाही, हे ठरवायला माझी कसोटी सोपी आहे. नेहमीच्या चालीने दोन मजले चढल्यावर छातीत दडपण येत नसेल आणि एक पूर्ण वाक्य बोलता येत असेल तर अजिंठ्याला जावे. नुकताच हृदयविकाराचा झटका आलेल्यांनी, बसल्या जागी धाप लागणाऱ्यांनी किंवा छातीत नव्याने दुखू लागलेल्यांनी यंदा थांबावे. प्रवासात छातीत दाब, डाव्या हातात कळ किंवा एकाएकी बोलणे अडखळले, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. “जरा पडतो, बरे वाटेल” हे ऐकू नये.

पायथ्याशी डोली मिळते. चार माणसे खुर्ची खांद्यावर घेतात. भाव आधी ठरवावा. तिच्यात बसायला आपल्याकडे विशेषतः पुरुषांना संकोच वाटतो. माझ्याकडे अनेक वर्षे येणारे एक निवृत्त चित्रकला शिक्षक आहेत, वय शहात्तर, हृदयात एक स्टेंट. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत पटलाच्या मध्यभागाचा ऱ्हास होतो आहे : कडेचे दिसते, नेमके जिथे पाहावे तिथे डाग. वर्गात तीस वर्षे त्यांनी पद्मपाणी छापील पानांवरून शिकवला, प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता. मुलीचा विरोध होता आणि तिची काळजी खरी होती. पण पुढच्या हिवाळ्यात डोळे आजच्याइतके असतील याची हमी कोणताही नेत्रतज्ज्ञ देऊ शकत नव्हता. हृदय मात्र कसोटीला उतरले होते. “डोलीत बसणार असाल तरच जा,” असे मी त्यांना बजावले. चढणीवर खर्च होणारा दम लेण्यात उभे राहण्यासाठी हवा होता.

ते फर्दापूरला राहिले आणि लेणी उघडताच, नऊ वाजता, वर पोचले. सगळी तीस लेणी पाहण्याचा मोह त्यांनी केला नाही. फक्त १, २ आणि १७. पहिल्या लेण्यात मागच्या भिंतीवर गाभाऱ्याच्या दाराच्या डावीकडे पद्मपाणी आहे, उजवीकडे वज्रपाणी. सरळ पाहिले तर त्यांना तिथे करडा डागच दिसे. मग नेत्रतज्ज्ञाने शिकवल्याप्रमाणे त्यांनी दाराच्या चौकटीवर नजर ठेवली आणि नजरेच्या कडेला तो कललेला चेहरा आणि हातातले निळे कमळ हळूहळू उमटले. आत एका वेळी थोड्याच लोकांना सोडतात, फार रेंगाळता येत नाही. तेव्हा ते बाहेर येऊन ओसरीत बसले आणि पुन्हा आत गेले. असे तीन वेळा. गटाबरोबर गेले असते तर एकदाच जमले असते.

वेरूळ त्या मानाने सोपे. चौतीस लेणी दोनेक किलोमीटरवर पसरलेली असली, तरी गाडी जवळ येते. कडा पश्चिमाभिमुख असल्याने सकाळी लेण्यांसमोर सावली असते. नऊच्या आत पोचावे. सोळाव्या लेण्याचे, म्हणजे कैलासाचे, प्रांगण सपाट आहे. हत्ती, ध्वजस्तंभ, कैलास हलवणारा रावण हे सारे खालूनच दिसते. वरच्या सभामंडपाकडे जाणाऱ्या पायऱ्या उभ्या आणि झिजलेल्या आहेत. गुडघे किंवा तोल यांची शंका असेल तर सोडून द्याव्यात. पार्किन्सनच्या रुग्णांनी गोळीचा प्रभाव चांगला असतो तोच तास कैलासासाठी राखावा. जैन लेणी पुढे दूर आहेत, तिथवर वाहनानेच जावे. दोन्ही ठिकाणी कड्यांवर मधमाश्यांची पोळी असतात, तेव्हा तीव्र सुगंधी द्रव्ये लावू नयेत.

घरी परतल्यावर दोन दिवस मोकळे ठेवावेत. उतरताना मांडीच्या स्नायूंवर अधिक ताण येतो आणि ते दुसऱ्या दिवशी ठणकतात. त्यासाठी दुकानातून आणलेली वेदनाशामके घेऊ नयेत. रक्तदाबाच्या आणि लघवीच्या गोळ्यांबरोबर ती मूत्रपिंडाला बाधतात. गरम पाण्याचा शेक आणि पॅरासिटामॉल बहुतेकांना पुरते. एकाच पोटरीला सूज आली, ती दुखू लागली किंवा धाप लागली, तर मात्र स्नायूंचे दुखणे समजून घरी बसू नये. त्याच दिवशी दाखवावे, आणि गाडीत किती तास बसलात ते डॉक्टरांना न विचारता सांगावे.