आपल्या माणसांवर संशोधन करू द्या

मी नवी मुंबईजवळ, उरण तालुक्यातल्या द्रोणागिरीत राहते आणि राज्यशास्त्र शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीला पीएच.डी. करायची होती. विषय होता उरणच्या आगरी-कोळी मतदारांचा कौल कसा ठरतो. ती स्वतः उरणजवळच्या भेंडखळ गावची, जमीन प्रकल्पासाठी गेलेल्या घरातली. मुलाखतीत तिला विचारले गेले, "आपल्याच समाजावर लिहिताना तटस्थ कशी राहशील?" तिने विषय बदलला. मला ते आजही पटलेले नाही.

अमेरिकेचे उदाहरण पाहा. तिथे कृष्णवर्णीयांच्या राजकीय विचारांचा अभ्यास आज मानाचा विषय आहे. तो उभा केला त्याच समाजातल्या अभ्यासकांनी. डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस फिलाडेल्फियाच्या वस्तीत घरोघर फिरले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १८९९ मध्ये आले. पुढे देशव्यापी निवडणूक सर्वेक्षणांत कृष्णवर्णीय मतदार मूठभरच येत. तेवढ्यावरून त्यांच्यातले मतभेद कसे कळणार? म्हणून मिशिगन विद्यापीठाच्या जेम्स जॅक्सन यांनी सहकाऱ्यांसह १९८४ मध्ये फक्त कृष्णवर्णीय मतदारांचे सर्वेक्षण केले. त्यात एक साधा प्रश्न होता : समाजाचे जे होईल, त्याचा तुमच्या आयुष्याशी संबंध आहे का? त्या उत्तरांच्या आधारे मायकेल डॉसन यांनी १९९४ मध्ये 'बिहाइंड द म्यूल' लिहिले. उत्पन्न वाढले तरी माणूस समाजासोबत मत का देतो, हे त्यांनी उलगडले. वंशावरूनच आयुष्य ठरत आले असेल, तर समाजाचे हित पाहणे हा अनुभवातून आलेला हिशेब असतो.

आपल्याकडे याच हिशेबाला 'एकगठ्ठा मते' म्हणून मोकळे होतात. उरणचेच पाहा. त्याच १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या हक्कासाठी लढताना उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड मिळण्याचा हक्क त्या रक्तातून आला. २४ जून २०२१ रोजी नवी मुंबईच्या विमानतळाला या लढ्याचे नेते दि. बा. पाटील यांचे नाव मागत हजारो लोक बेलापूरला जमले, तेव्हा बाहेरच्यांना त्यात फक्त भावना दिसली. पण भूखंडाची फाईल घेऊन वर्षानुवर्षे हेलपाटे घालणारा आणि भूखंड विकून सुखवस्तू झालेला, हे दोघे एकाच मोर्चात का येतात? आणि मतदानाच्या दिवशी वेगळे का होतात? बाईचे मत घरच्या पुरुषाहून कधी निराळे पडते? हे विचारायला कोणीतरी दारात जायला हवे.

एकदा विद्यार्थ्यांना घेऊन उरण तालुक्यातल्याच फुंडे गावात गेले होते. प्रश्न ऐकून एक आजी म्हणाली, "मना कोनी इचारलाच नाय." मग ती दीड तास बोलली. गेलेली जमीन, आलेले बंदर, नातवाची कंत्राटी नोकरी. कधी कुणाला मत दिले आणि ते का बदलले, सगळे कारणांसकट. तिची बोली कळणारी मुलगी समोर बसली होती, म्हणून ती एवढी मोकळी झाली.

तटस्थता आडनावावर ठरत नाही. माणसे कशी निवडली, प्रश्न कसा विचारला, नकोसे उत्तरही छापले की नाही, यावर ती तपासायची असते. ती कसोटी सगळ्यांना लावा, आमच्या मुलींनाही.

मार्गदर्शकांना माझी विनंती आहे : आगरी, कोळी, दलित, आदिवासी घरातला विद्यार्थी आपल्या माणसांचा विषय घेऊन आला, तर त्याला परत पाठवू नका. आणि उरणकरांनो, अशी एखादी पोर वही घेऊन दारात आली, तर तिला आत बोलवा, बसायला द्या आणि मनातले खरे सांगा.