दळण कोणाचं, पातळी कोणाची?

रोह्याची माझी भाची मोबाइलवर जुने जपानी खेळ खेळते. त्यांत एक काम सतत करावं लागतं: त्याच रानात फिरायचं, तेच किरकोळ राक्षस पुन्हा पुन्हा मारायचे, पुरेसे गुण साठले की पात्राची पातळी एकाने वाढते. खेळणारे याला ग्राइंडिंग म्हणतात. म्हणजे दळणच! पोरीने वेळ वाया घालवू नये असं सांगणारे घरात पुष्कळ आहेत. मला मात्र मैत्रिणींशी या दळणाच्या हिशेबाबद्दल बोलायचं आहे.

आधी पात्रं. १९९१ च्या 'फायनल फँटसी ४'मध्ये रोझा जखमा बऱ्या करणारी. तिला खलनायक पळवून नेतो. पुढे शेवटच्या लढाईआधी नायक तिला आणि रिडियाला, म्हणजे गटातल्या दोघी बायकांनाच, मागे राहायला सांगतो. दोघी ऐकत नाहीत, जहाजातच लपून राहतात. त्याआधी वर्षभर, १९९० साली आलेल्या 'ड्रॅगन क्वेस्ट ४'मध्ये राजकन्या अलेना महालाची भिंत फोडून बाहेर पडते आणि हातापायांनी लढते. तिच्या जखमा बऱ्या करतो तो क्लिफ्ट, एक पुरुष पुजारी. मला अर्थातच अलेना आवडते. (मार खाऊन ताकद वाढते असाही एक खेळ आहे, १९८८ चा 'फायनल फँटसी २'. त्या हिशेबाने आपल्याकडच्या कित्येकजणी शेवटच्या पातळीवर असत्या.)

पण रोझाने एकही राक्षस मारला नाही तरी लढाईनंतर तिला तलवारवाल्याइतकेच गुण मिळतात. अट एवढीच की ती जिवंत हवी. अलेनाच्या खेळात तर मागे गाडीत बसलेल्यांनाही गुण मिळतात.

आता पेणला या. हमरापूर-जोह्याच्या बाजूला गणपतीचे कारखाने आहेत. माझ्या ओळखीची एक बाई तिथे वीस वर्षं मूर्ती घासते आहे. तिच्यामागून आलेला मुलगा डोळ्यांची आखणी शिकला, कारागीर झाला, मजुरी वाढली. ती अजून 'कामाला येणारी बाई'. आखणी करणाऱ्या बायका नाहीत असं नाही. पण शिकवणी चालते ती काम सुटल्यावर, आणि त्या वेळी हिला घरी भाकऱ्या थापायच्या असतात. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. तिथे मालक म्हणतो, घासणं वेगळं आणि आखणी वेगळी. काम समान होऊच द्यायचं नाही, म्हणजे वेतनाचा प्रश्नच मिटला! घासलेली मूर्ती हातात आल्याशिवाय आखणीवाला ब्रश कुठे टेकवणार, हे त्याला कोणी विचारत नाही.

यंदा विसर्जनानंतर नव्या हंगामाचं काम सुरू होईल, तेव्हा त्या बाईसह आम्ही पाचजणी मालकाकडे जाणार आहोत. मागणी एकच: कामाच्याच वेळेत, मजुरी न कापता, रोज एक तास आखणीचा ब्रश बायकांच्या हातात.