सिस्टर कमी नाहीत, जागा कमी आहेत

दरवर्षी १२ मे रोजी जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार घातला जातो, मेणबत्त्या पेटवून शपथ घेतली जाते, 'परिचारिका म्हणजे रुग्णाची दुसरी आईच' असे प्रमुख पाहुणे सांगतात आणि हातात गुलाबाचे फूल घेऊन सिस्टर पुन्हा आपल्या वॉर्डात जातात. त्या वॉर्डात एकेका सिस्टरच्या वाट्याला किती रुग्ण येतात, हा प्रश्न त्या भाषणांत सहसा निघत नाही. आज या सदरात तेवढाच प्रश्न घ्यायचा आहे.

मैंदर्गीच्या कट्ट्यावर दवाखान्याचा विषय निघाला की बोलणे डॉक्टरांवरच येते. अमुक डॉक्टरांचा हातगुण चांगला, तमुक फी फार घेतात, सरकारी डॉक्टर वेळेवर येत नाहीत. सिस्टरांविषयी कोणी बोलत नाही. पण आपला माणूस अक्कलकोटच्या ग्रामीण रुग्णालयात असो, सोलापूरच्या सिव्हिलमध्ये असो की जवळ म्हणून गुलबर्ग्याला, आताच्या कलबुर्गीला नेलेला असो, चोवीस तासांत डॉक्टर त्याच्या खाटेपाशी किती वेळ उभे राहतात? दहा-पंधरा मिनिटे. बाकीचे तेवीस तास आणि पंचेचाळीस मिनिटे तो रुग्ण सिस्टरच्या हवाली असतो, आणि सिस्टर नसेल तर नातेवाइकांच्या.

काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या ऑपरेशननंतर मी एका मोठ्या रुग्णालयात तीन रात्री काढल्या. वॉर्ड भरलेला, दोन खाटांच्या मध्ये जमिनीवरही गाद्या टाकलेल्या. रात्रपाळीला एक सिस्टर आणि मदतीला एक शिकाऊ मुलगी. सलाइन संपत आले की नातेवाईक उठून सांगायला जात. लघवीच्या पिशवीत किती जमा झाले हे आम्हीच पाहायचो, कुशीवर आम्हीच वळवायचो. दुसऱ्या रात्री पलीकडच्या खाटेवरचे म्हातारबाबा कण्हत होते. सिस्टर त्यांच्याकडे निघाली, तेवढ्यात दुसऱ्या टोकाला कोणाला तरी उलटी झाली आणि ती तिकडे धावली. म्हातारबाबांपर्यंत ती पोहोचली तेव्हा अर्धा तास उलटला होता. त्यांचे बरे झाले, हे नशीब म्हणायचे. सकाळी त्या सिस्टरवर डोळे वटारणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल करायला हवे. तिच्या जागी दुसरी कोणी असती तरी हेच झाले असते, हे पुढे काही वाचनात आले तेव्हा कळले.

ते वाचन असे. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया राज्यात लिंडा एकन या संशोधक बाईंनी १६८ रुग्णालयांतील सुमारे २ लाख ३२ हजार शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांची माहिती तपासली. तो अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. एका परिचारिकेच्या वाट्याला असलेल्या रुग्णांत एकाची जरी भर पडली, तरी दाखल झाल्यापासून ३० दिवसांच्या आत रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात आढळले. चाराऐवजी आठ रुग्ण झाले तर ती वाढ ३१ टक्के. पुढे युरोपातील ९ देशांच्या ३०० रुग्णालयांत असाच अभ्यास झाला. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातही दर रुग्णामागे ७ टक्के हाच आकडा निघाला.

असे का व्हावे? ऑपरेशन उत्तम झालेला रुग्णही नंतरच्या रात्री बिघडू शकतो. नाडी जलद होते, श्वास वाढतो, लघवी कमी होते, आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. या खुणा एकदम दिसत नाहीत, तासातासाला थोड्या थोड्या दिसतात. दर तासाला कोणी नाडी पाहिली तर त्या कळतात आणि डॉक्टरांना वेळेत उठवता येते. सकाळीच पाहिली तर उशीर झालेला असतो. 'सगळे ठीक होते हो, रात्रीत अचानक काय झाले कळलेच नाही' हे वाक्य आपण सर्वांनी कधी ना कधी ऐकले आहे. त्यातले सगळेच 'अचानक' नसते.

आता आपल्या देशाचा नियम काय सांगतो ते पाहू. भारतीय परिचर्या परिषदेने वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयाच्या साध्या वॉर्डासाठी तीन रुग्णांमागे एक परिचारिका असे प्रमाण सांगितले. ऐकायला हे फार चांगले वाटते. परंतु दिवसाच्या पाळ्या तीन असतात. म्हणजे प्रत्यक्ष पाळीत एका सिस्टरकडे नऊ रुग्ण. शिवाय रजा आणि साप्ताहिक सुट्ट्या धरून ३० टक्के जादा माणसे ठेवावीत, असेही त्या नियमात आहे. छत्तीस खाटांच्या वॉर्डाचा हिशेब केला तर बारा सिस्टर, अधिक रजेसाठी तीन-चार, म्हणजे एकूण पंधरा-सोळा लागतात आणि प्रत्येक पाळीला चार उभ्या राहतात. वाचकांपैकी ज्यांनी सरकारी वॉर्डात रात्र काढली आहे त्यांनी रात्री किती सिस्टर दिसल्या ते आठवून पाहावे. कॅलिफोर्नियात साध्या वॉर्डात कोणत्याही वेळी पाच रुग्णांमागे एक परिचारिका असलीच पाहिजे असा कायदा आहे. तेथले पाच म्हणजे त्या क्षणाचे पाच, आपल्यासारखा पाळ्यांनी भागायचा आकडा नव्हे.

मग सिस्टर आणायच्या कोठून, असे कोणीही विचारील. १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला तेव्हा देशात ४३ हजार लोकांमागे एक परिचारिका होती. त्या काळी चांगल्या घरच्या मुली या कामाला येत नसत. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात मुलींच्या नर्सिंग शिक्षणाची सोय केली, त्यासाठी त्यांना घराघरांतून बोलणी ऐकावी लागली. आज ती स्थिती नाही. आपल्या तालुक्यातलेच आईवडील कर्ज काढून मुलींना ए.एन.एम., जी.एन.एम., बी.एस्सी. नर्सिंगला घालतात. जी.एन.एम.ची तीन वर्षे, बी.एस्सी.ची चार वर्षे, वसतिगृह आणि फी मिळून जमिनीचा तुकडा गहाण पडेल एवढा खर्च होतो. मुली शिकल्या, नोंदणी झाली. मग वॉर्ड रिकामे का?

याचे उत्तर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात मिळते. देशातील आरोग्यसेवकांची नोंदवहीतली संख्या आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांची संख्या त्यात शेजारी शेजारी मांडली आहे. नोंदवहीत परिचारिका आणि सुईणी मिळून २३ लाख ४० हजार. २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना पाहणीप्रमाणे प्रत्यक्ष कामावर सुमारे १४ लाख. लोकसंख्येशी ताडून पाहिले तर दर १० हजारांमागे १७.७ ही कागदावरची संख्या, १०.६ ही कामावरची, आणि त्यातल्या पुरेसे शिक्षण असलेल्या तेवढ्याच मोजल्या तर ६. या अभ्यासाचे लेखक काही आंदोलक नव्हेत. त्यांनी आकडेच मांडले. पण हे आकडे पाहून मला तरी एकच अर्थ लागतो. नळाला पाणी आहे, पण घागरीला भोक आहे.

घागरीला भोक कोठे आहे हे शोधायला फार लांब जायला नको. २०१६च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या पगाराचा विचार करण्यासाठी समिती नेमण्यास केंद्राला सांगितले. त्या समितीने शिफारस केली की २०० हून अधिक खाटा असलेल्या रुग्णालयाने सरकारी परिचारिकेइतका पगार द्यावा आणि ५० खाटांहून लहान रुग्णालयानेही २० हजार रुपयांपेक्षा कमी देऊ नये. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. केरळने २०१८ मध्ये किमान वेतन २० हजार रुपये केले, तेही तेथील परिचारिका अनेक वर्षे रस्त्यावर उतरल्यानंतर. आमच्या भागातली एक मुलगी सोलापुरात एका लहान रुग्णालयात काम करते. तिला मी हा आकडा सांगितला तेव्हा ती आधी हसली, मग म्हणाली, 'काका, तेवढे मिळत असते तर मी दुबईची जाहिरात कशाला कापून ठेवली असती?'

लहान रुग्णालये चालवणाऱ्या डॉक्टरांचेही एक म्हणणे आहे. शिकलेली सिस्टर वर्षभर काम शिकते आणि अनुभवाचे पत्र घेऊन निघून जाते, मग आम्ही जास्त पगार का द्यावा, असे ते विचारतात. परंतु ती निघून जाते ती पगार कमी म्हणून, आणि पगार कमी राहतो तो ती निघून जाईल म्हणून. हा गुंता पगार देणाऱ्यानेच सोडवायचा असतो. दुसरे असे की तिच्या जागी पांढरा कोट घालून बारावी शिकलेली मुलगी उभी केली जाते, ही गोष्ट उघड आहे. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा १९४९चा कायदा प्रशिक्षित परिचारिका योग्य प्रमाणात असाव्यात असे सांगतो. इंजेक्शन देणाऱ्या हाताला प्रशिक्षण आहे की नाही, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे आणि त्यात डॉक्टरांचा अपमान मुळीच नाही.

सरकारी नोकरीत पगार बरा आहे, पण तेथे कायमच्या जागा भरल्या जात नाहीत. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले, त्यातून खेडोपाडी नर्सबाई दिसू लागल्या हे खरे. पण त्या अकरा अकरा महिन्यांच्या करारावर. शेजारी बसून तेच काम करणाऱ्या कायम सिस्टरच्या पगाराच्या काही हिश्शावर बाई दहा-दहा वर्षे राबते, तीच लसीकरण करते, तीच गरोदर बायकांची नोंद ठेवते आणि रात्री घरी जाऊन तीच माहिती टॅबवर भरते. मे २०२२ मध्ये राज्यातील सरकारी परिचारिका संपावर गेल्या. रिकाम्या जागा खासगी संस्थेमार्फत कंत्राटाने भरू नका, ही त्यांची प्रमुख मागणी होती. रुग्णांचे हाल झाले, आणि त्या वेळी मलाही त्यांचा राग आला होता. आज वाटते की संपाच्या दिवसांत जे हाल दिसले, तेच थोडे थोडे एरवीही चालू असतात. फक्त त्यांची बातमी होत नाही.

सीमेवरच्या गावांची एक आणखी अडचण आहे आणि ती पुण्यामुंबईच्या कोणत्याही अहवालात सापडायची नाही. मैंदर्गी, दुधनी, नागणसूर या पट्ट्यात घरात कानडी, बाजारात मराठी आणि शेजारी उर्दू अशी भाषा चालते. मराठवाडा-विदर्भातून बदलून आलेल्या सिस्टरपुढे म्हातारी 'होट्टी नोवू' म्हणते तेव्हा पोट दुखते हे कळायलाही दुभाषा लागतो. बाळंतपणाच्या वेळी दुभाषा कोण होणार? बिचारी बाहेरून आलेली सिस्टर बदलीचा अर्ज घालते, त्यात तिची काय चूक? जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये दुर्गम भागांत आरोग्यसेवक टिकावेत कसे यावर शिफारशी दिल्या. ग्रामीण भागातल्याच मुलांना शिकवा, ती गावाकडे टिकण्याची शक्यता अधिक, ही त्यातली महत्त्वाची शिफारस होती. आपल्याकडे अशा मुली आहेत. त्यांना तिन्ही भाषा येतात, घर येथेच आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. त्यात परिचारिकाही आहेत आणि जाणाऱ्यांना जर्मन भाषा शिकवण्याची योजना आहे. जाऊ इच्छिणाऱ्यांनी जरूर जावे, पण अक्कलकोट तालुक्यात येणाऱ्या सिस्टरला दोन महिने कानडी शिकवण्याचे कोणाला सुचत नाही, याचे नवल वाटते.

२०२३ मध्ये केंद्राने वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये मंजूर केली. महाविद्यालये हवीतच, त्यांना माझा विरोध नाही. परंतु मंजूर जागा भरल्या नाहीत आणि कंत्राट संपले नाही, तर या महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलीही त्याच वाटेने जातील. पैसे कोठून आणायचे, हा नेहमीचा प्रश्न. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने २०१६ मध्ये काही सरकारी रुग्णालयांत परिचारिकांचे किमान प्रमाण कायद्याने ठरवले. त्यावरचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू कमी झाले, रुग्ण लवकर घरी गेले आणि पुन्हा भरती होणारे घटले. त्यातून वाचलेला खर्च जादा परिचारिकांवरच्या खर्चाच्या दुप्पट निघाला. आपला देश आणि ऑस्ट्रेलिया यांची तुलना होत नाही हे मान्य, तरी लवकर सुटणाऱ्या खाटेची किंमत सोलापुरातही असते. दोन दिवस लवकर घरी आलेल्या माणसाची मजुरीही वाचते.

आपल्यापुरते एक काम करता येते. माहितीच्या अधिकाराखाली आपल्या तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांना तीन प्रश्न विचारावेत. परिचारिकांच्या मंजूर जागा किती? त्यांपैकी कायम किती भरल्या आणि कंत्राटी किती? गेल्या महिन्यात प्रत्येक वॉर्डात रात्रपाळीला रोज किती परिचारिका होत्या आणि रुग्ण किती? तिसरा प्रश्न विसरू नये, पहिल्या दोहोंची उत्तरे कागदावर ठीक दिसू शकतात. रात्रपाळीची नोंद ड्युटीच्या तक्त्यात असते, ती द्यावी लागते. अर्ज मराठीत साध्या कागदावर चालतो, त्याला दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे आणि पोच घ्यावी. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. आले की या सदराकडे त्याची एक झेरॉक्स पाठवावी, तालुकावार छापू.