व्हॉल्व गेले, पुस्तकं का जावीत?

मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. लहानपणीच्या वाचनालयात सहज डोकावलो, तर जिन्याखाली पुस्तकांचा ढीग. प्रत्येकावर शिक्का, 'निर्लेखित'. सोप्या मराठीत, रद्दी. आणि त्यात आमचं ते रेडिओ दुरुस्तीचं पुस्तक! आतल्या तारखांच्या पट्टीवर १९७७ सालच्या चार तारखा. त्यातल्या तीन माझ्याच. ग्रंथपाल म्हणाले, "अहो, व्हॉल्व आता वापरतो कोण? कालबाह्य झालं ते."

माझा राग आहे तो या 'कालबाह्य' शब्दावर.

कारण मी ते पुस्तक घरी नेलं तेव्हाही ते कालबाह्यच होतं. ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा. मी आठवीत जाईपर्यंत व्हॉल्वचे सेट माळ्यावर गेले होते. म्हणूनच तर एक माझ्या हाती लागला. चालू रेडिओ पोराला उघडायला कोण देणार?

आणि व्हॉल्व नावातच सगळं सांगतो. ईएल८४ मधला 'ई' म्हणजे हीटर ६.३ व्होल्टचा, 'एल' म्हणजे आउटपुट पेंटोड. ईझेड८० मधला 'झेड' म्हणजे रेक्टिफायर. हे कोष्टक पाठ झालं आणि मागचं झाकण काढल्यावर आतली मंडळी एकदम ओळखीची वाटू लागली.

पुस्तक सात दिवसांत परत करायचं. गावात झेरॉक्स नव्हतं. सर्किट चौकटीच्या वहीत उतरवलं आणि त्यावरून आउटपुटचा भाग नव्याने सोल्डर केला. सेट लावला तर मोठ्ठी घरघर, आणि ईएल८४ ची प्लेट लालभडक! धावत जाऊन प्लग काढला. पुस्तक तोवर दुसऱ्या कोणीतरी नेलेलं. आठवडाभर नुसता वहीकडे बघत बसलो.

पुस्तक पुन्हा मिळालं तेव्हा कळलं. दोन तारा जुळतात तिथला एक ठिपका मी उतरवलाच नव्हता, त्यामुळे ग्रिडचा रेझिस्टर एका टोकाला लोंबकळत होता. तो कुठे जोडायचा हे आकृतीत होतंच, पण का जोडायचा हे शेजारच्या परिच्छेदात होतं. ग्रिडला जमिनीकडे वाट नसेल तर तिचा ताबा सुटतो, प्रवाह वाढत जातो आणि धनाग्र तापतं. पुढे तीसेक वर्षं सॉफ्टवेअरमधले बग शोधले, पण पहिला बग हाच. अडीचशे व्होल्टजवळ काम करताना एक हात खिशात ठेवावा, हेही त्या पुस्तकानंच शिकवलं.

कोणी म्हणेल, आता यूट्यूब आहे की. आहे, आणि उत्तम आहे. मीही बघतो. पण तिथे शोधायला आधी नाव माहीत असावं लागतं. मी त्या कपाटाशी गेलो होतो जादूच्या प्रयोगांचं पुस्तक शोधायला! शिवाय ऋणाग्र-धनाग्र म्हणत आठवीतल्या पोराला सरळ मराठीत समजावणारा मजकूर इंटरनेटवर किती सापडतो, शोधून बघा.

जागा कमी आहे, वाळवी लागते, हे मान्य. मग स्पर्धापरीक्षांच्या जुन्या गाइडांच्या दहा-दहा प्रती काढा ना! 'इतक्या वर्षांत कोणी नेलं नाही' हा नियम मराठी तंत्रविषयक पुस्तकाच्या शेवटच्या प्रतीला लावू नका. काढायचंच असेल तर आधी स्कॅन करा, जिल्ह्यातल्या मोठ्या ग्रंथालयाला विचारा. रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली, त्यातलं तिसरं हेच सांगतं की प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळायला हवा. वाचकांची गर्दी हवी, असं ते म्हणत नाही. एक पुरतो.

असो. पुस्तक रद्दीच्या भावाने घेऊन आलोय. स्कॅनिंग पुढच्या शनिवारी. मूळ प्रत मात्र वाचनालयाला परत देणार, आणि ती कपाटात लागेपर्यंत तिथून हलणार नाही.