सतरंजी कोण घालणार?

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली 17 मार्च 1970 रोजी. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली 95 गावं आणि सुमारे 344 चौरस किलोमीटर जमीन या नव्या शहराच्या नकाशात आली. नकाशा करणाऱ्यांनी बरंच काही नीट योजलं होतं. एकच अवाढव्य शहर न करता वेगवेगळे नोड करायचे, प्रत्येक नोडला आपलं स्टेशन, बाजार, शाळा, मैदान. कागदावर तरी नवी मुंबई म्हणजे शेजारी शेजारी वसवलेली छोटी शहरंच. फक्त चार दिवस दिसला नाहीत म्हणून चौकशीला घरी येणारा माणूस कुठल्याच सेक्टरमध्ये आखता येत नाही.

तो माणूस लोकांनी आपापला जमवला. मुंबईशी जोडणारा खाडीपूल 1973 साली सुरू झाला, पण लोकल वाशीला पोहोचायला 1992 उजाडलं. मधल्या काळात इथं राहायला आलेल्यांना संध्याकाळी दादरला जाऊन नाटक बघणं आणि रात्री सुखरूप परतणं म्हणजे मोहीमच होती. मग गणेशोत्सव इथलाच, हळदीकुंकू इथलंच, व्याख्यानं इथलीच. मल्याळ्यांचे समाजम, तमिळांचे संघम, बंगाल्यांची दुर्गापूजा, सगळं त्याच गरजेतून. हौस होतीच, पण गैरसोयीचा वाटा मोठा.

परक्या शहरातल्या एकटेपणातून मंडळ निघणं ही काही आपलीच खासियत नाही. रोटरी क्लब सुरू करणारा पॉल हॅरिस व्हरमाँटमधल्या एका लहान गावात वाढलेला वकील. शिकागोत वकिली बरी चालली, पण गावातला शेजार तिथं मिळेना. 23 फेब्रुवारी 1905 रोजी त्याच्यासह चार जण एका कचेरीत जमले. पुढच्या बैठका आळीपाळीनं एकेकाच्या कचेरीत व्हायच्या, म्हणून ‘रोटरी’ हे नाव पडलं. समाजसेवा, बॅनर, पदग्रहण समारंभ हे सगळं मागाहून आलं. (शाल-श्रीफळाचा शोध मात्र नक्कीच आपला.)

आपल्याकडं हल्ली ही गरज सर्वांत जास्त कुणाला आहे, तर मुलाकडं राहायला आलेल्या आईवडिलांना. नेरूळमध्ये माझ्या ओळखीचे असे एक गृहस्थ आहेत. तालुक्याच्या गावी वाचनालयाचे चिटणीस होते. रस्त्यानं निघाले की घर ते वाचनालय तासभर लागायचा, इतके नमस्कार. इथं चौदाव्या मजल्यावर आले आणि लिफ्टमध्ये लोक मोबाईलकडं बघतात एवढंच त्यांना कळलं. सुनेनं त्यांना महापालिकेच्या ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्रात नेऊन सोडलं. तिथं वर्तमानपत्रं, कॅरम, महिन्याचे वाढदिवस, रक्तदाब-मधुमेहावर डॉक्टरांचं भाषण. कुणी वाईट वागलं नाही. सगळे ‘या, बसा’ म्हणायचे आणि आपापल्या डावाकडं वळायचे. ते कोपऱ्यात पेपर वाचून परत येत.

कोजागरीला दूध आणायचं काम त्यांच्याकडं आलं. दूध कमी पडलं. चार जणांनी त्यांना तोंडावर बोल लावले, एका आजींनी तर ‘तुम्हाला साधा हिशेब येत नाही?’ असंही विचारलं. गृहस्थ घरी आले ते खुशीत! पाहुण्याला कुणी असं बोलत नाही, हे ते ओळखून होते. दुसऱ्या दिवशी ते उशिरा पोहोचले तर तीन फोन येऊन गेले होते.

माझं मत त्या दुधापासून पक्कं झालं आहे. वर्गणीची पावती फाडून कुणी मंडळाचा होत नाही. सतरंजी घालणं, किल्ली सांभाळणं, चहा सांगणं, माईकवाल्याला दहा वेळा फोन करणं, यातलं एखादं काम अंगावर घ्यावं लागतं. बरेच निवृत्त अधिकारी इथंच चुकतात. पहिल्याच महिन्यात ते मंडळाच्या घटनेचा नवा मसुदा घेऊन येतात. संस्था नोंदणीचा 1860 चा कायदा किमान सात माणसं मागतो. आमच्याकडं सात जमले की संस्था होते आणि आठव्याला अध्यक्ष व्हायचं असलं की दुसरी.

तरुणांचं दुखणं वेगळं. ऐरोली-घणसोलीत आयटीतली मुलंमुली अकरा महिन्यांच्या करारावर राहतात. सोसायटीच्या सभेत त्यांना मत नाही, गणपतीची वर्गणी मात्र त्यांच्याकडून आठवणीनं घेतली जाते. करार संपला की घर बदलतं, सेक्टर बदलतो. मग ती ट्रेकिंगच्या नाहीतर पळणाऱ्यांच्या ग्रुपात जातात, पहाटे पारसिकच्या टेकडीवर भेटतात. तिथं पत्ता बदलला तरी चालतं. सोसायट्यांनी या भाडेकरूंना वर्गणीऐवजी एखादी जबाबदारी मागून बघावी.

या सगळ्यात एक गोष्ट खटकते. आमची मंडळं आमच्यासारख्यांचीच. ज्यांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर हे सेक्टर उभे राहिले ते आगरी-कोळी शेजारी त्यात क्वचित दिसतात. या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जासई परिसरात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड प्रकल्पग्रस्तांच्या पदरात आले. त्याच भूखंडांवरच्या इमारतींत आज आमच्यातले कितीतरी राहतात, आणि गावठाणातली गल्ली कुठं निघते हे त्यांना ठाऊक नसतं.

गावाला क्लब काढावा लागला नाही. गावकी होती, गावदेवीची जत्रा होती, भजनी मंडळ होतं. सारसोळे, शिरवणे, करावे ही गावं सेक्टरांच्या मधोमध आहेत, पायी जाण्याइतकी जवळ. अशा गावठाणातल्या देवळात हरिनाम सप्ताह बसला की कीर्तनाला मांडवात जाऊन बसायला परवानगी लागत नाही. पंगतीला वाढणारे हात तर नेहमीच कमी पडतात. भाताचं घमेलं उचललं तर कुणी अडवणार नाही. फार तर कुणीतरी विचारील, ‘कुठल्या बिल्डिंगचे तुम्ही?’